पुरावा कोणी द्यायचा?

नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळी रेल्वे स्थानकाबाहेर उघड्यावर झोपणाऱ्यांना ब्लँकेटे वाटतात. हा रिवाज मी इथे येण्यापूर्वीपासूनचा आहे. दोन वर्षांपूर्वी मीही त्यांच्यासोबत गेलो होतो. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पुलाच्या जिन्याखाली एक वयस्कर गृहस्थ पोते अंथरून बसले होते. मी ब्लँकेट पुढे केले, तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले. ब्लँकेट मात्र घेतले नाही.

"फादर, रागावू नका," ते म्हणाले. "परवाच्या साली दिलेलं पावसात कुजलं. गेल्या साली दिलेलं, गाडी आली तेव्हा बाकीच्या सामानाबरोबर गेलं. आता हे ठेवू कुठं? ज्याच्यापाशी नाही त्याला द्या."

"बाबा, मग तुमची नड काय आहे?" मी विचारले.

"भाजीबाजारात हातगाडी ओढतो. खोलीचं थोडं भाडं देईन मी. पण डिपॉझिट कुठून आणू? आणि खोलीवाला कागद मागतो. कागद करायला गेलो तर राहण्याचा पुरावा मागतात. आता राहायला जागा नाही, म्हणून तर कागद पाहिजे ना?"

मुले पुढे गेली होती. मीही "देव बरे करो" असे काहीसे पुटपुटत पुढे निघालो. घरी परतल्यावर नेहमीप्रमाणे नोंदवहीत लिहिले : "ब्लँकेट वाटप : १२०." लिहिता लिहिता मागची पाने चाळली. दरवर्षीचा आकडा आधीच्या वर्षीपेक्षा मोठा होता. आजवर तो पाहून मला समाधान वाटत असे. त्या रात्री प्रथमच मनात आले की, ही वाढ आमच्या प्रीतीची, की त्यांच्या दुःखाची? नोंदवहीला हे सांगता येत नव्हते. कारण आम्ही ब्लँकेटे मोजली होती, माणसे मोजली नव्हती.

त्या रात्रीपासून मनात घोळत असलेला प्रश्न मी आज वाचकांपुढे मांडत आहे. दया आणि हिशेब यांचे नाते काय? गरिबांची मोजदाद करावी, कोणत्या उपायाने किती जणांना खरोखर घर मिळाले याचा पुरावा तपासावा आणि त्या पुराव्यापुढे आपली जुनी सवय मोडावी, हे ख्रिस्ती प्रीतीला शोभते का?

शोभत नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे हलके लेखण्याजोगे नाही. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, ही प्रभूची शिकवण. दावीद राजाने इस्राएलाची शिरगणती केली ती देवाला रुचली नाही, हेही पवित्र शास्त्रातच आहे. सेनापती योवाबाने राजाला आधीच टोकले होते; तरी राजाने ऐकले नाही आणि देशावर मरी ओढवली. शिवाय ज्या बेथलेहेमात आपल्या प्रभूला गोठ्यात जन्म घ्यावा लागला, तिथे योसेफ आणि मरिया गेली होती ती औगुस्ताच्या नावनोंदणीसाठीच. नोंदवहीत त्यांच्या नावाला जागा होती, उतारशाळेत नव्हती. बेघरांना मोजणाऱ्या प्रत्येकाने हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे.

परंतु त्याच पवित्र शास्त्रात 'गणना' नावाचे एक संपूर्ण पुस्तक आहे आणि त्याच्या आरंभी स्वतः देवच मोशेला लोकांची गणती करावयास सांगतो. तेव्हा मोजणे हेच पाप, असे म्हणता येणार नाही. दावीदाने मोजले ते तलवार धरणारे हात. आपले बळ किती, हे त्याला पाहायचे होते. याउलट लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळ पाहा. शंभरांतले एक मेंढरू हरवले, हे त्याला कळले कसे? संध्याकाळी कळप परतल्यावर त्याने मोजले म्हणूनच. नव्व्याण्णव मेंढरांचा कळप दिसायला भरलेलाच दिसतो. राजा आपल्याजवळ काय आहे ते मोजत होता; मेंढपाळ काय उणे आहे ते मोजतो. उजव्या-डाव्या हाताची शिकवणही आपल्या पुण्याच्या हिशेबाविरुद्ध आहे, शेजाऱ्याच्या गरजेच्या हिशेबाविरुद्ध नाही. माझ्या नोंदवहीतला १२० हा आकडा कोणत्या जातीचा होता, हे मला तेव्हा उमगले आणि लाज वाटली.

ख्रिस्तसभेला हा विचार नवा नाही. १६१७ साली फ्रान्समधील शातियों या गावी विन्सेंट डी पॉल हे धर्मगुरू होते. एका रविवारी मिस्सापूर्वी त्यांना कळले की, गावाबाहेरच्या एका घरात सारेच आजारी आहेत आणि त्यांच्याकडे पाहणारे कोणी नाही. त्यांनी प्रवचनात कळकळीने आवाहन केले. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तर वाटेत अन्न घेऊन जाणाऱ्या-येणाऱ्यांची रीघ लागलेली! दुसरा एखादा धर्मगुरू आपल्या प्रवचनावर खूश झाला असता. संत विन्सेंट मात्र चिंतेत पडले. आज एवढे अन्न गेले, त्यातले पुष्कळ नासेल आणि थोड्याच दिवसांत ते कुटुंब पुन्हा उपाशी राहील. गावात दयेची वाण नव्हती, व्यवस्थेची होती. काही दिवसांतच त्यांनी तिथल्या स्त्रियांना एकत्र केले, कोणी कोणत्या दिवशी जायचे ते ठरवले, नियम लिहिले, हिशेब ठेवण्याची सोय केली. चारशे वर्षांपूर्वीची ती भाकरी आणि आमची कुजलेली ब्लँकेटे यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आता आपल्या मुंबईचे एक उदाहरण घेऊ. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या उठवण्याची मोहीम निघाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो. १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु पावसाळ्यानंतर झोपड्या हटवण्यास मुभाही दिली. पदपथावरच्या माणसांविषयी शहराचे मत तेव्हा ठरलेले होते : हे उपरे, आज इथे उद्या तिथे, कामधंदा नसलेले लोक. हे मत कोणी तपासून बनवलेले नव्हते.

त्या वर्षी 'स्पार्क' या नव्यानेच स्थापन झालेल्या संस्थेने पदपथावरच्या लोकांनाच हाताशी धरून त्यांची गणती केली. सुमारे ६,००० कुटुंबे आणि २७,००० माणसे नोंदली गेली. त्या अहवालाच्या इंग्रजी नावाचा अर्थ होता, 'आम्ही, न दिसणारी माणसे'. ही माणसे वर्षानुवर्षे त्याच जागी संसार करीत होती आणि कष्ट करून खात होती. बस वा रेल्वेचा खर्च परवडत नाही म्हणून कामाच्या जवळ, चालत जाता येईल अशा ठिकाणी ती राहत होती. पुढे भायखळ्याच्या पदपथावरील स्त्रियांनी 'महिला मिलन' उभे केले, रोजचे चार-आठ आणे साठवले, आपले घर कसे असावे याचे आराखडे मांडले. जोकिन अर्पुथम यांच्या झोपडीवासी महासंघाची त्यांना साथ होती. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात पदपथावरील रहिवाशांनाही स्थान मिळाले. दहा वर्षे हा काही थोडा काळ नव्हे आणि प्रत्यक्ष घर मिळेपर्यंत अनेकींचे केस पांढरे झाले. तरीही त्या गणतीने एक गोष्ट साधली. 'हे कोण लोक?' या प्रश्नाला शहराने बनवलेले उत्तर खोडून तिथल्या माणसांनी आपले उत्तर लिहिले.

याच वाटेने जगात इतरत्रही काही शहरे गेली आहेत. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात रॉकफर्ड नावाचे साधारण दीड लाख वस्तीचे शहर आहे. तिथे बेघरांसाठी काम करणाऱ्या निरनिराळ्या संस्थांची आपापली दप्तरे होती. एकाच माणसाला चार ठिकाणी चार वेळा आपली कहाणी सांगावी लागे. त्यांनी सर्वांची मिळून एकच नावनिशीची यादी केली. कोण माणूस, किती दिवस बाहेर आहे, त्याला आजार कोणता, अडले कुठे आहे, हे तीत लिहिलेले असे. यादी वर्षातून एकदा नव्हे, तर सतत ताजी ठेवली जाई आणि एकेका नावाचे पुढे काय झाले, याचा जाब संस्था एकमेकींना विचारीत. २०१५ च्या अखेरीस तिथे माजी सैनिकांची आणि २०१७ च्या आरंभी दीर्घकाळ बेघर असलेल्यांची बेघरी जवळजवळ शून्यावर आली. शून्याचा अर्थ असा नव्हे की, पुन्हा कोणाचे घर सुटणारच नाही. कोणाचे सुटले तर थोड्याच दिवसांत त्याला पुन्हा छप्पर मिळेल, एवढी व्यवस्था तयार झाली. टेक्सासमधील ह्यूस्टन हे तर अवाढव्य महानगर. तिथेही शंभराहून अधिक संस्थांनी एकत्र येऊन याच रीतीने काम केले आणि २०११ नंतरच्या दशकात बेघरांची संख्या निम्म्याहूनही खाली आणली.

पुराव्याने आणखी एक समजूत तपासायला लावली आणि ती माझीही होती. दारूच्या आहारी गेलेला किंवा मनाने आजारी माणूस समोर आला की, आपण म्हणतो, "आधी सुधार, मग तुझ्या खोलीचे पाहू." आपल्याला हे शहाणपणाचे वाटते. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांतील दोन हजारांहून अधिक मनोरुग्ण बेघरांना घेऊन हे पडताळून पाहिले गेले. काहींना कोणतीही पूर्वअट न घालता आधी घर दिले आणि मग उपचार व सोबत दिली. इतरांसाठी नेहमीच्या सेवा चालू राहिल्या. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातील ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात टिकून होते. दुसऱ्या गटातील ३१ टक्के. म्हणजे घर हे सुधारण्याचे बक्षीस नसून सुधारण्याची सुरुवात होते. ज्याला दार लावून झोपताही येत नाही, त्याला आपण निर्धाराने जगायला सांगत होतो!

इथे मनात काटा सलतो, तो लपवणे बरे नाही. एका दुःखी माणसाला घर द्यायचे आणि त्याच्या शेजारच्याला चिठ्ठीच्या आधाराने नाकारायचे, हे नीतीला धरून आहे का? सर्वांना पुरतील एवढी घरे नव्हती, हे खरे. चिठ्ठी नसती तर वशिल्याने किंवा आमच्यासारख्यांच्या अंदाजाने निवड झाली असती, हेही खरे. तरी माझे पूर्ण समाधान होत नाही. एवढे मात्र निश्चित वाटते की, दुसऱ्या गटात राहिलेल्यांचे ऋण त्या ज्ञानावर आहे. त्यांच्या वंचनेतून जे कळले, ते कळूनही जो समाज काहीच करीत नाही, त्याने त्यांना दोनदा नाडले.

फिनलंडने हे ज्ञान राष्ट्राचे धोरण केले. २००८ पासून तिथे रात्रनिवाऱ्यांच्या जागी कायमची भाड्याची घरे उभी राहू लागली. हेलसिंकी शहरात साल्व्हेशन आर्मीचा सुमारे २५० खाटांचा एक निवारा होता. त्याच इमारतीत सुमारे ८० स्वतंत्र घरे करण्यात आली. खाटा कमी झाल्या, पण त्यांच्या जागी कुलूप-किल्ली आली. २००८ साली देशात सुमारे ८,००० बेघर होते. २०२३ साली ते साडेतीन हजारांच्या आत आले. २०२४ साली ही संख्या पुन्हा थोडी वाढली. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे मोजणी होते, म्हणून ही वाढही लगेच दिसली. मोजणाऱ्या देशाला आपली घसरण लपवता येत नाही, हा मोजण्याचा आणखी एक लाभ.

तथापि आकड्यांचीही मूर्ती होऊ शकते. अमेरिकेत जानेवारी २०२४ मधील एका रात्रीच्या गणतीत ७ लाख ७१ हजारांहून अधिक बेघर आढळले. राष्ट्रीय पातळीवर असे मोजणे सुरू झाल्यापासूनचा तो सर्वांत मोठा आकडा होता. रॉकफर्ड आणि ह्यूस्टन ज्या देशात आहेत त्याच देशातील ही गोष्ट. घरभाडे माणसाच्या मिळकतीच्या पुढे धावू लागले, तर एक नाव यादीतून कमी होईतो दोन नवी नावे दाराशी येतात. नुसत्या यादीने भिंत उभी राहत नाही.

आपल्या देशातही आकडे सावधपणे वाचावे लागतात. २००१ च्या जनगणनेत १९ लाख ४३ हजार बेघर होते. २०११ साली १७ लाख ७३ हजार. एवढेच वाचणारा म्हणेल, बेघरी घटली. पण शहरांचा आकडा त्याच काळात ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेला. शिवाय २०११ ची ती गणती २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली. अंधारात बॅटरीचा झोत टाकीत आलेला माणूस मोजायला आला आहे की हाकलायला, हे उघड्यावर झोपलेल्याने कसे ओळखावे? जो उठून पळाला, तो आकड्यातूनही पळाला. पुढची जनगणना २०२१ साली व्हावयाची होती. ती लांबून तिचा दिनांक १ मार्च २०२७ असा ठरला. मधल्या काळात एक अख्खी पिढी पदपथावर चालायला शिकली असेल.

आणि पुराव्याला दुसरीही एक धार आहे. ज्या १९९५ च्या धोरणाचा वर उल्लेख केला, त्यात १ जानेवारी १९९५ पूर्वीपासून राहत असल्याचा पुरावा हवा होता. ज्याचा कागद पावसात भिजला, ज्याचे गाठोडे गाडीतून गेले, त्याने तो आणायचा कुठून? आपला समाज गरिबाकडे पुरावा मागण्यात फार तत्पर आहे. तू इथलाच कशावरून? तू खरोखर गरीब कशावरून? दिलेले पैसे पिऊन टाकणार नाहीस कशावरून? रेशनच्या रांगेत, दवाखान्याच्या खिडकीशी आणि, दुःखाने लिहितो, धर्मग्रामाच्या कार्यालयातही त्याला पुरावा द्यावा लागतो. पण दान करणाऱ्याकडे कोणी पुरावा मागतो का? तुमच्या ब्लँकेटाने कोणाची बेघरी संपली? दहा वर्षे तुम्ही त्याच पुलाखाली त्याच माणसाला देत असाल, तर तुमच्या देण्यात काही उणे आहे, असे तुम्हाला का वाटले नाही?

माझ्या मते या विषयाचे नैतिक मर्म इथे आहे. पुरावा द्यायचा तो आपण, गरिबाने नव्हे. संत याकोबाने आपल्या पत्रात हेच विचारले आहे : उघड्या आणि उपाशी भावाला 'ऊब घ्या, तृप्त व्हा' असे नुसते सांगून काय उपयोग? आम्ही बोलण्याऐवजी एक ब्लँकेट दिले, एवढाच फरक. थंडीच्या रात्री ब्लँकेट देणे चूक नाही. आज रात्री कुडकुडणाऱ्याला आज रात्रीच ऊब हवी. चूक आहे ती तिथेच थांबून कृतकृत्य वाटण्यात. ब्लँकेट देणाऱ्याला लगेच समाधान मिळते. डिपॉझिट, कागदपत्रे, दवाखान्याच्या खेपा यांतून समाधान उशिरा मिळते, कधी मिळतच नाही. पुराव्याला मान देणे म्हणजे आपल्या समाधानाचा त्याग करणे. असा त्याग उपवासकाळातील कोणत्याही उपवासाहून हलका नाही.

एवढे लिहून आमचे काय झाले ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्या नाताळानंतर मी धर्मग्राम मंडळापुढे हा विषय मांडला. पुष्कळ वाद झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "फादर, ब्लँकेट दिलेले देणगीदाराला दिसते. कोणाच्या डिपॉझिटला पैसे दिले तर त्याला काय दिसणार?" प्रश्न रास्त होता. अखेर उपवासकाळात संत विन्सेंट डी पॉल संघटनेचे सहा सभासद आणि दोन सिस्टर लागोपाठ तीन रात्री स्थानकाबाहेर गेले. आधी बसायचे, बोलायचे, आपण कोण ते सांगायचे. समोरच्याची इच्छा असेल तरच लिहायचे आणि वही दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची नाही, असे ठरले होते. चौतीस नावे लिहिली गेली. त्यांतले सव्वीस जण रोज काही ना काही कमावणारे निघाले. अकरा जणांपाशी एकही कागद नव्हता. ब्लँकेट हवे असे म्हणणारे तिघे होते.

आज त्या चौतिसांपैकी नऊ जण भाड्याच्या खोलीत राहतात. दहावाही गेला होता. तो चार महिन्यांत पुन्हा जिन्याखाली आला. तेही आम्ही वहीत लिहिले आहे आणि त्याच्याकडे जाणे सोडलेले नाही. उरलेल्या चोवीस नावांपुढे अजून करण्यासारखे पुष्कळ आहे. मागील नाताळात वाटलेल्या ब्लँकेटांचा आकडा प्रथमच कमी भरला आणि तो लिहिताना मला बरे वाटले.

परंतु त्या यादीत ते बाबा नाहीत. उपवासकाळात आम्ही गेलो तेव्हा जिन्याखालची त्यांची जागा रिकामी होती. कोणी म्हणाले गावी गेले, कोणी म्हणाले आजारी पडले होते. मी भाजीबाजारात जाऊन विचारले. हातगाडीवाल्यांनी उलट मलाच विचारले, "नाव काय त्यांचं, फादर?"

मला सांगता आले नाही. सलग तीन नाताळ आमच्या धर्मग्रामाचे लोक त्यांना भेटले होते आणि आमच्यापैकी कोणीही त्यांना नाव विचारले नव्हते. लूकच्या शुभवर्तमानात दाराशी पडलेल्या दरिद्री माणसाला नाव आहे, लाजर. आत जेवणाऱ्या श्रीमंताला नाव नाही. देवाच्या वहीत कोणाची नावे लिहिली जातात, हे त्यावरून कळावे. आपली वही त्या वहीशी जुळते का, हे प्रत्येक धर्मग्रामाने एकदा पडताळून पाहावे, एवढीच या नाताळात विनंती.